कोपऱ्यातला ओघळ

मिस्त्रींच्या हातून पॉलिशचा ओघळ सुटला आणि त्यांनी तो पुसला नाही. सुटला कसला, त्यांनीच सोडला. सागाच्या पट्टीच्या टोकाशी, लाकूड संपून भिंत सुरू होते नेमक्या त्या कोपऱ्यात, तो थेंब थबकला, फुगला आणि हळूहळू वाळायला लागला. बोळा हातात धरून मिस्त्री बघत उभे राहिले. शिकाऊ माणसाने असं काम केलं असतं तर त्यांनी त्याला घराबाहेर काढलं असतं.

स्वयंपाकघर एका तरुण शिक्षिकेचं होतं. ओट्याखालची कपाटं गडद, जवळजवळ काळपट सागाची, वरची कपाटं आणि भिंत मात्र फिकट हिरवी, अशी तिची हौस होती. मिस्त्रींना ती मनापासून पटली होती. गडद लाकूड एकटं असलं की तोंड फुगवून बसल्यासारखं दिसतं. शेजारी फिकट रंग आला की तेच लाकूड उजळतं. हे त्यांना आधी लाकडाबद्दल कळलं होतं, स्वतःबद्दल कळायला बराच वेळ लागला.

फिकट रंग देणारी बाई ठरलेली होती. नवरा वारल्यावर त्याचाच ब्रश उचलून तिने पोराला मोठं केलं. भिंत आणि लाकूड यांच्या मधली रेघ ती टेप न लावता, नुसत्या हाताने सरळ ओढायची. कामावर सगळे तिला ताई म्हणायचे. मिस्त्रींनी तिला कधी ताई म्हटलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हिला बहीण म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. मग ते नुसतं ‘अहो’ म्हणून वेळ मारून न्यायचे.

आता गंमत अशी, की कितीतरी घरांत दोघांनी काम केलं, पण एका खोलीत एका वेळी कधीच नाही. लाकूड घासलं की बारीक धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसून त्याची वाट लावते. म्हणून आधी मिस्त्रींनी लाकूड उरकायचं, खोली झाडून द्यायची, मग ती येणार. भेट व्हायची ती दारात, एकाने निघताना आणि दुसरीने शिरताना. बाकी ओळख सगळी कामातून. ती गेल्यावर मिस्त्री काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून खोली बघून यायचे. आपल्या लाकडाला तिचा रंग अगदी चिकटून उभा असायचा, आणि तेवढ्यावर त्यांचे पुढचे काही दिवस बरे जायचे.

सोमवारी ती भिंत बघून जायला आली, तेव्हा दारात तीच म्हणाली होती, “हे स्वयंपाकघर शेवटचं हं माझं.”

“म्हणजे?”

“पोरगा बोलावतोय केव्हाचा. म्हणतो, आता पुरे झालं शिडीवर चढणं. रविवारच्या गाडीने जाईन म्हणते.”

“बरं झालं,” मिस्त्री म्हणाले.

“बरंच झालं म्हणायचं,” ती म्हणाली, आणि उगाच थोडा वेळ थांबली. “तुम्ही सांभाळून राहा. पाठीचं दुखणं अंगावर काढू नका.”

ती जिना उतरून गेली तरी मिस्त्री तिथेच उभे. बरं झालं! जन्मात एकदा बोलायची वेळ आली आणि तोंडातून निघालं काय, तर बरं झालं. त्यांनी स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. तिने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. इथेच राहा, माझ्या घरी राहा, एवढंच म्हणायचं होतं. पण हे फोनवर कसं म्हणणार? आणि तिच्या घरी जाऊन, शेजाऱ्यांच्या देखत? ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची सवय जुनी.

त्यातून गुरुवारी, काम संपता संपता, हा ओघळ निघाला. या धंद्यात एकाच्या कामाला दुसरा हात लावत नाही. पॉलिशमध्ये खोट दिसली की रंगवाल्याने घरमालकाला सांगायचं, मालकाने मिस्त्रीला बोलवायचं आणि मिस्त्रीने येऊन दुरुस्त करायचं. ओघळ भिंतीला लागून होता, म्हणजे तो निघेपर्यंत तिला ब्रश बाजूला ठेवून थांबावंच लागलं असतं. पहिल्यांदाच दोघं एका खोलीत. परत यायचंच आहे म्हणून मिस्त्रींनी पॉलिशची बाटली, बोळा आणि काचपेपरही ओट्याखाली ठेवून दिला.

शुक्रवारी ती रंगाला आली असणार, तरी शिक्षिकेचा फोन आला नाही. शुक्रवार गेला, शनिवारही गेला.

“बाबा, सारखं काय बघताय त्या फोनमध्ये?” सुनेने विचारलं. “कोणाचा यायचाय?”

“कामाचा आहे,” मिस्त्री म्हणाले.

“मग तुम्हीच करा की. कामाला कसली आलीये लाज?”

रविवारी सकाळी ते धुतलेला सदरा घालून निघाले. आधी शिक्षिकेकडे, आणि तिथून थेट स्टेशनवर, असं त्यांनी ठरवलं. वाटेत ते वाक्य घोकत होते.

शिक्षिकेने दार उघडलं. “अरे, तुम्ही? ताई तर गेल्या. काल रात्रीच गाडी मिळाली म्हणे. दिवसभर बसून काम संपवलं त्यांनी.”

मिस्त्री आत गेले. कोपऱ्याशी वाकले. ओघळ नव्हता. त्यांनी बोट फिरवलं, मान तिरकी करून उजेडात बघितलं. लाकूड घासून, पुन्हा पॉलिश चढवून, शेजारच्या छटेशी असं मिळवलं होतं की त्यांना स्वतःलाही जागा सापडेना. आणि त्याला लागून हिरवी रेघ, नेहमीसारखी सरळ.

“इथं काही डाग होता का?” त्यांनी विचारलं.

शिक्षिका घुटमळली. “खरं तर त्यांनी सांगू नका म्हटलं होतं. मी तुम्हाला फोन लावतच होते, तर त्यांनी हातातून फोन काढून घेतला. म्हणाल्या, मिस्त्रींची नजर कमी झालीये आता. चार लोकांत हे पसरलं तर कामं जातील त्यांची. तुमचंच सामान घेऊन अर्धा दिवस घासत बसल्या होत्या.” मग घाईने म्हणाली, “तुम्ही मनावर घेऊ नका हं. आतल्या खोलीचं पॉलिशही तुम्हालाच द्यायचंय. तसं कबूल करून घेतलंय त्यांनी माझ्याकडून.”

मिस्त्रींना हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाला हात न लावणाऱ्या बाईने त्यांच्यासाठी नेम मोडला, आणि नेमका तो मोडून ती निघून गेली. ती आता गाडीत बसून कोणा म्हाताऱ्या मिस्त्रीच्या डोळ्यांची काळजी करत असेल. तिला खरं काय ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायला हवं होतं.

“हो,” ते म्हणाले. “कमी झालीये नजर.”

ते ओट्याला टेकून खाली बसले. तिचा रंग अजून पुरता वाळला नव्हता, खोलीभर त्याचा वास होता. शिक्षिका खिडकी उघडायला पुढे झाली. “वासाने गरगरतंय का तुम्हाला?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “राहू दे बंद. थोडा वेळ.”