कोऱ्या जागेतला गोल

कट्टा गावच्या बाजारात, औषधांच्या दुकानाच्या वरच्या माडीवर ब्लेझ लोबो यांचं नकाशे काढून देण्याचं ऑफिस होतं. ब्लेझसरांनी आयुष्यभर नकाशे हातानं काढले, तिरक्या फळ्यासमोर उभं राहून, काळ्या शाईनं. गेली सहा वर्षं ते काम किशोरी संगणकावर करत होती. आता तिला पणजीत नोकरी लागली होती. शनिवार तिचा शेवटचा दिवस. नवीन माणूस मिळेपर्यंत निदान तयार नकाशाची पीडीएफ काढणं तरी आपल्याला यावं, असं सरांनी मनावर घेतलं होतं. म्हणून गुरुवारी अकराच्या सुमाराला ते चष्मा पुसून तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"सावकाश सांग हां. माका पयलीतलो समज."

"पयलीतली पोरां तुमच्यापेक्षा कमी प्रश्न विचारतत, सर."

"म्हणान तर ती दुसरीत जातत," सर म्हणाले.

किशोरीनं हाताशी असलेला, चाफेवाडीच्या शाळेच्या नव्या वर्गाचा नकाशा उघडला. महिन्यापूर्वीच तो कागद गवंड्याला दिला होता. एकेक पायरी ती सांगत गेली आणि सर वहीत लिहीत गेले. आधी प्रिंटर निवडायचा, पण खरा नाही, पीडीएफ काढणारा. मग कागदाचा आकार. मग नकाशाचा कोणता भाग हवा, त्यावर चौकट ओढायची. मग प्रमाण. "हयसर 'कागदात बसव' असा लिवलेला आसा, त्याका हात लावू नका. एकास शंभरच ठेवायचा. नायतर मेस्त्री कागदार पट्टी लावतलो आणि भिंत वीतभर सरकतली." मग रेषांची जाडी: भिंत ठळक, मापं बारीक.

"आणि शेवटी?"

"शेवटी छापण्याआधी एकदा बघायचा. ह्या बटण."

खरं सांगायचं तर ते बटण तिनं स्वतः कित्येक वर्षांत दाबलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिनं या सगळ्या निवडींचा एक साचा करून ठेवला होता. नकाशा पुरा झाला की साचा लावायचा, सगळे कागद एका दमात बाहेर. पण शिकवताना पायरी गाळायची नसते. सरांनी बोटानं बटण दाबलं, आणि पडद्यावर पांढराशुभ्र कागद उमटला.

सर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याजवळ बोट नेलं.

"किशोरी, हयसर मगाशी एक गोल होतो."

"खंय?"

"ह्या फणसाच्या बाजूक. आता फणस पण नाय."

किशोरी हसली. मागे जाऊन तिनं नकाशा पुन्हा उघडला. गोल होता, तुटक रेषेचं कडं होतं, फणस होता. पुन्हा ते बटण दाबलं. वर्ग होता, पडवी होती, मापं होती. फणसाच्या जागी कोरा कागद.

तिचं हसू तोंडावरच राहिलं. कुठं काय बंद आहे, ते तिनं सरांना पडद्यावर दाखवलं.

संगणकातला नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा असतात. एका काचेवर भिंती, दुसरीवर मापं, तिसरीवर दारं-खिडक्या. किशोरीनं एका काचेला 'आधार' असं नाव दिलं होतं. नकाशा आखताना लागणाऱ्या कच्च्या रेषा तिच्यावर. त्या कागदावर येऊ नयेत म्हणून त्या काचेची छपाई तिनं तेव्हाच बंद करून टाकली होती. पुढे सवयीनं, जे जे बांधायचं नाही ते सगळं ती त्याच काचेवर ठेवत गेली. झाडं, दगड, कुंपण, आधीपासून असलेलं काहीही. पडद्यावर ते रोज दिसायचं. कागदावर ते कधी आलंच नव्हतं आणि कुणी तक्रारही केली नव्हती, कारण झाडं लोकांच्या डोळ्यांसमोर उभीच होती.

हा गोल मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

डिसेंबरात ती चाफेवाडीला मापं घ्यायला गेली होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या यशोदाकाकीनं शिक्षिका नम्रताबाई वर्गात असल्याचं बघून तिला फणसाकडे नेलं. तिथं एक चिऱ्याचा दगड उभा होता, डोक्यावर जास्वंदीचं फूल. काकी इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलली.

"हयसर बाव आसा. वर वासे टाकून, माती ओढून बंद केल्यानी. मी लगीन होवन इलंय त्याच वर्षी. दोन बयणी गेल्यो तिच्यात. तेवापासून तिचा नाव हयसर कोण घेणा नाय. तू कागदार घाल. तोंडान कोणाक सांगा नको."

किशोरी मसुऱ्याची, याच भागातली. अशा गोष्टीला का आणि कशाला विचारायचं नसतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनं टेप धरून तीन बाजूंनी मापं घेतली. ऑफिसात येऊन नकाशात गोल काढला, भोवती कडं काढलं, लिहिलं: जुनी विहीर, वर वजन ठेवू नये. नवा वर्ग तिच्यापासून चांगला लांब ठेवला. आणि काकीला दिलेला शब्द पाळला. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही, गवंड्याजवळही नाही. कागद सांगेलच, असं तिच्या मनात होतं.

तिनं गवंड्याला, बाबली मेस्त्रीला, फोन लावला. दुसऱ्याच घंटीला त्यानं उचलला.

"मेस्त्री, शाळेकडे फणसाखाली उभो दगड आसा ना?"

"होतो. हलवलंय."

"हलवलास?"

"तीन दिवस झाले. असोच नाय हलवूक. नारळ दिलंय, गाऱ्हाणां घातलंय, परवानगी मागून फणसाच्या मुळात नेऊन ठेवलंय. मी वालावलीचो आसंय गो, राखणदाराचा करूक माका शिकव नको."

"आणि थंय आता काय आसा?"

"चिरे. दोन ट्रक उतरवलंय. तुझ्या कागदार तेवढीच जागा रिकामी दिसली, म्हणान."

मेस्त्रीला वाटलं, ती दगडाचंच मनाला लावून घेतेय.

"काय होणा नाय. मी आज कुडाळात सळी बघूक इलंय, काम बंद आसा. पोरांका मात्र बरी सोय झाली. चिऱ्यांका टेकून फणसाच्या सावलेक जेवूक बसतत. काल बाई सांगी होत्यो."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. शाळेत जेवणाची सुट्टी साडेबाराला. किशोरीनं नम्रताबाईंना फोन लावला. नुसता वाजत राहिला. शिकवताना बाई फोन कपाटात ठेवतात, हे तिला ठाऊक होतं.

सरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी स्वतःचा फोन हातात घेतला. "तू जा. मी लावीत रवतंय. आणि गो, पडशीत-बिडशीत असा गाडी मारू नको."

कट्ट्याहून चाफेवाडी म्हणजे एरवी अर्ध्या तासाची वाट. पण दोन दिवसांवर आंगणेवाडीची जत्रा आली होती. दुकानं मांडायला निघालेले टेम्पो रस्ताभर होते, बांबू आणि ताडपत्र्या बाहेर लोंबत असलेले. एकेकाला मागं टाकत किशोरी स्कूटर हाकत होती. कातळाच्या सड्यावर काजू मोहरले होते. ऊन असं होतं की रस्ताही पांढरा दिसत होता, आणि त्या पांढऱ्यात तिला सारखा तो कोरा कोपरा दिसत होता. चाळीस वर्षं मातीखाली राहिलेले वासे. वर दोन ट्रक चिरे. पंगतीला किती मुलं असतील? पट एकोणीसचा होता. नकाशावर बाकं मांडताना तिनंच तो विचारून घेतला होता.

ती पोचली तेव्हा पंगत बसलेली होती.

छातीएवढी उंच, नीट रचलेली चिऱ्यांची रास, आणि तिच्यापाशी फणसाच्या सावलीत अर्धवर्तुळ करून बसलेली पोरं. काहींनी राशीला पाठ टेकली होती. यशोदाकाकी पातेलं घेऊन वाढत होती. किशोरीनं स्कूटर लांबच बंद केली. सहा वर्षं सरळ रेषा बघायची सवय झालेल्या तिच्या डोळ्यांना लगेच दिसलं: राशीचा वरचा थर सपाट नव्हता. फणसाच्या बाजूला तो दोन बोटं उतरला होता. आणि मुलांच्या ताटांमधून, मातीत, एक बारीक काळी भेग गोलाकार गेली होती. तिनं काढलेला गोल जमिनीनं अर्धा काढून ठेवला होता.

धावत जाऊन ओरडावं असं तिला फार वाटलं. पण एकोणीस मुलं एकदम उठून उड्या मारत पळाली तर? ती पडवीत उभ्या असलेल्या नम्रताबाईंकडे चालत गेली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण पहिली ते चौथी एकटीनं सांभाळणारी बाई ती. आवाज तिनं रोजचाच ठेवला.

"मुलांनो, आज एक खेळ. आपण सगळे मांजरं. मांजराच्या पायांचा आवाज येतो का?"

"नाही, बाई."

"मग ज्याचं नाव घेईन त्यानं ताट तिथंच ठेवायचं आणि मांजराच्या पावलांनी माझ्याकडे यायचं. बाकीच्यांनी हलायचं नाही. ज्याचा आवाज झाला तो उद्या फळा पुसणार."

काकीनं एकदा किशोरीकडे पाहिलं, एकदा मुळात नेऊन ठेवलेल्या दगडाकडे. तिला सगळं कळलं. तिनं पातेलं अलगद खाली ठेवलं आणि ती पोरांच्या आणि राशीच्या मधोमध उभी राहिली, जणू तिच्या काटकुळ्या अंगानं ती रास अडणार होती.

बाई नावं घेत गेल्या. एकेक मांजर खिचडीची बोटं चाटत पडवीत आलं. सतरा. अठरा. शेवटी राशीला पाठ टेकून बसलेला पहिलीतला समर्थ राहिला. तो अर्धा उठला आणि पुन्हा खाली बसला.

"बाई, मांजर ताट घेवन येता?"

"मांजर ताट खंय घेवन येता रे," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच वर्गातल्या मुलाशी त्या मालवणीत बोलल्या असतील. "ये ना तू. दुसरा वाढतंय."

त्यानं विचार केला. ताटाकडे पाहिलं. मग पाय अगदी उंच उचलत, खेळाचे सगळे नियम पाळत तो चालत आला. काकी त्याच्या मागोमाग, पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे. ती पडवीच्या पायरीला टेकली तेव्हा समर्थचं ताट आपल्याआपण हललं आणि राशीच्या दिशेनं सरकू लागलं.

मोठा आवाज झालाच नाही. मधला एक चिरा खाली ओढल्यासारखा गेला, मग त्याच्या शेजारचे, मग सगळी रासच आत बसत गेली, पीठ चाळणीतून उतरावं तशी. धूळ उठली. आणि बऱ्याच वेळानं, खूप खालून, पाण्याचा आवाज आला.

मग काकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाव." पुन्हा एकदा म्हणाली, "बाव आसा ती." मग किशोरीकडे वळून विचारलं, "चिरे उतरवले तेवा मी बघलंय. म्हटलंय, कागद बघूनच उतरवले असतले. तू कागदार घातलंस ना गो?"

"घातलंय, काकी," किशोरी म्हणाली. "छापला नाय."

तिचा फोन वाजला. ब्लेझसर.

"पोरां?"

"सगळी भायर आसत."

पलीकडे सरांनी श्वास सोडलेला तिला ऐकू आला. नंतर ते बोलले ते वहीतून वाचल्यासारखं, सावकाश.

"तुया शिकयलंस तसा केलंय. त्या काचेची छपाई चालू केलंय आणि जुने नकाशे उघडून बघलंय, पयल्यापासून. साचो सगळ्यांका तोच आसा, किशोरी. झाडां मी मोजूक नाय. बंद केलेल्या बावींचे गोल मोजलंय. आणखी चार आसत."

"खंय खंय?"

"जवळचो सांगतंय. धोंडू गावकराचा घर. मसुऱ्याच्या वाटेर. उजव्या बाजूक, पडवीपासून बारा फुटार."

किशोरीला ते घर आठवलं. दोन वर्षांपूर्वीचं. विकत घेतलेल्या त्या जागेत बुजवलेली विहीर आहे, हे तिला शेजारच्या म्हातारीनं हळूच सांगितलं होतं. कागदावर पडवीच्या उजवीकडे मोकळी जागा होती. घर झाल्यावर धोंडूकाकांनी खुशीनं तिला त्या जागेचा फोटो पाठवला होता. तिथं त्यांनी चार खांब पुरून नातवंडांसाठी झोपाळा लावला होता.

मागे समर्थ बाईंना विचारत होता की आमची ताटं आता कोण आणणार. किशोरीनं स्कूटर वळवली.