वाळत घालायची राहिलेली खोळ

मी खोळ बोलतेय. उशीची नव्हे, गादीची नव्हे. पावसात कॅमेऱ्याच्या अंगावर चढवतात ती. दिसायला मी करडी, बेढब आणि चक्क दोन बाह्यांची आहे. कॅमेऱ्याला बाह्या कशाला, असं तुम्ही विचाराल. सांगते.

आधी मी एका बाईंचा रेनकोट होते. स्कूटरच्या चाकात माझा घेर अडकला आणि मी कमरेपर्यंत फाटले. बाईंचा नवरा फोटोग्राफर. नटूनथटून बसलेल्या माणसांचे फोटो काढणारा नव्हे. पुलांचे खांब, त्यांना गेलेले तडे, चढलेलं पाणी यांचे फोटो काढून तपासणीच्या कचेरीत देणारा. भर पावसात उभं राहायचं काम. तो कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायचा आणि ती नेमकी ऐनवेळी दगा द्यायची.

"अहो, तो कॅमेरा आहे की भाजी?" असं म्हणून बाईंनी मला मशीनवर घेतलं.

लेन्ससाठी पुढे नेफा केला, त्यात इलॅस्टिक ओवलं. बाह्या तशाच ठेवल्या, म्हणजे नवऱ्याला दोन्हीकडून हात घालून आत बटणं दाबता येतील. सुईच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून शिवणींवर आतून मेणबत्ती घासली. उजव्या बाहीवर वाकलेल्या असताना त्यांचा एक लांब केस सुईखाली आला आणि शिवणीत शिवला गेला. वर मेण बसलं. त्यांना कळलंही नाही. मला कळलं.

मग माझी परीक्षा झाली. चमचाभर मिठाची कागदी पुडी माझ्या पोटात ठेवून मला पाव तास शॉवरखाली धरलं. मीठ कोरडं ठणठणीत निघालं.

"पास," बाई म्हणाल्या. "आता नियम ऐका. घरी आलात की आधी खोळ दोरीवर, मग कॅमेरा डब्यात, मग चहा."

"आणि मी कपडे कधी बदलायचे?"

"तुमचं काय, तुम्ही आपोआप वाळता."

नियम त्यांचा आणि पाळायच्याही त्याच. तो निघाला की कपाळावर आडवा हात धरून दारात उभ्या राहायच्या, आला की मला सोलून आधी दोरीवर टाकायच्या. सात पावसाळे त्याने मला एकदाही वाळत घातलं नाही. घालायची वेळच आली नाही.

आठव्या पावसाळ्यात एका दुपारी आम्ही मोठ्या पुलाखाली होतो. शेजारच्या वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ताई एकदम कोसळल्या. दवाखान्यात नेतोय, तुम्ही थेट तिकडेच या." त्याने माझ्यासकट कॅमेरा हवाबंद डब्यात कोंबला आणि कड्या लावल्या. तो पोचला तेव्हा बाई गेल्या होत्या.

डबा तीन महिने कुणी उघडला नाही. पाणी पलीकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच मला येतं. पण डबा बंद आणि मी निथळतेय. ते पाणी जाणार कुठे? ते वाफ होऊन हळूहळू कॅमेऱ्यात शिरलं. ज्याला जपायला मला शिवलं, त्याला मीच गिळत होते. मी ते अंधारात ऐकलं आहे, अजूनही ऐकते.

लेकीने आग्रह केला म्हणून त्याने अखेर डबा उघडला आणि पुन्हा पुलावर गेला. फोटो पाहताना त्याचा हात थांबला. डाव्या बाजूला, कठड्यापाशी, पांढुरकं काहीतरी उभं होतं. उभट आकार, वर कपाळाशी आडवी रेघ. दुसऱ्या फोटोतही होतं. सगळ्यांत होतं.

त्या दिवसापासून तो घरात फोटो काढू लागला. चार पावलं मागे सरकायचा, कॅमेरा थोडा वळवायचा, आणि तो डाग बरोबर शिलाई मशीनसमोरच्या खुर्चीवर आणून बसवायचा. कधी दारात, कधी खिडकीशी. मी शेजारच्या खुंटीवरून बघायचे आणि मला माझीच भीती वाटायची.

कचेरीतून फोटो परत आले. तिथले इंजिनीअर म्हणाले, तिसऱ्या खांबाचा तडा वाढलाय की नाही, ते या धुक्यात कळत नाही. लेक लेन्स घेऊन दुरुस्तीवाल्यांकडे गेली, तोही मागोमाग गेला.

दुरुस्तीवाल्यांनी काच उजेडात धरली. "बुरशी आहे. ओली खोळ आत राहिली होती का?"

त्याने हो म्हणून मान हलवली.

"आठवड्याभरात साफ केली तर वाचेल. नाहीतर काच कायमची गेली समजा."

लेन्स तशीच घेऊन घरी आल्यावर तो त्याच खुर्चीसमोर जमिनीवर बसला. लेक शेजारी टेकली.

"बाबा, ती आई नाही."

"माहीत आहे गं. ती माझी चूक आहे. पण दिसते तिच्यासारखी, त्याला मी काय करू?"

लेक त्याच्याकडे वळली. मग हळू म्हणाली, "त्या पुलावरून मी रोज जाते, बाबा."

त्याने खुर्चीचा एक शेवटचा फोटो काढला आणि लेन्स काढून तिच्या हातात दिली.

लेन्स आता स्वच्छ आहे. तिसऱ्या खांबाचा तडा अगदी बोटाने दाखवावा इतका स्पष्ट आला आणि पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. लेक लांबच्या रस्त्याने जाते. सगळं योग्यच झालं. फक्त नवे फोटो समोर घेऊन तो डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत राहतो, आणि ते मला बघवत नाही.

आज आम्ही भिजून आलो. दारात कुणी नव्हतं. त्याने बूटही न काढता मला कॅमेऱ्यावरून उतरवलं आणि स्वतः दोरीवर टाकलं, दोन चिमटे लावले. पहिल्यांदाच. मग उजवं मनगट चोळत थांबला. आज दिवसभर माझ्या बाहीत त्याला काहीतरी टोचत होतं. शिवणीवरचं मेण झिजलंय आणि त्या केसाचं टोक बाहेर आलंय.

त्याने बाही उलटली, डोळे बारीक करून पाहिलं. "दोरा सुटलाय वाटतं," असं पुटपुटला आणि मशीनच्या खणातली कात्री आणायला आत गेला.

खण उघडल्याचा आवाज आला. आता पावलं इकडे येताहेत. मी नुसती दोरीवर लोंबतेय, माझ्यातून पाणी ठिबकतंय, आणि जन्मात एकदाच बोलता यावं असं वाटतंय.

अहो, थांबा. तो दोरा नाही.