गालावरचं ऊन

"पाठ केलंय तुम्ही. समजलंय का?"

परीक्षक बाईंनी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि वेताची ताई खुर्चीत सावरून बसली. अंध मुलींच्या शाळेत ती आजवर खुर्च्यांना वेत विणत आली होती, स्वतःही जन्मांध. आता शिक्षिकेची जागा निघाली होती, आणि तोंडी परीक्षेची ही शेवटची संधी. सूर्य मध्ये, पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, हे तिने एका दमात म्हणून दाखवले होते. बाहेर बसलेल्या दादाने बजावलेच होते, "धडाधड म्हण आणि मोकळी हो. उगाच शहाणपणा नको."

"उद्या एखादी पोर विचारेल," बाई म्हणाल्या, "सकाळी ऊन या गालावर, संध्याकाळी त्या गालावर. मग फिरतं कोण? काय सांगाल?"

'पृथ्वी' म्हटले की सुटका होती. पण सकाळी देवाचे नाव घेतलेल्या जिभेला मनात नसलेले बोलणे जड गेले.

"खरं सांगू? मला सूर्यच फिरतो असं वाटतं. आई म्हणायची, तो रोज तुला शोधत येतो."

पेन उचलले गेले. कागद सरकला.

"थांबा ना बाई, लिहू नका एवढ्यात." ताई उठली. थंडीमुळे खोलीच्या मधोमध हीटर घरघरत होता. त्याची ऊब मघापासून तिच्या तोंडावर येत होती. "याच्याभोवती फिरून बघू?"

"अहो, वायर आहे तिथे!"

दार करकरले. "अगं, भाजून घेशील!"

"दादा, तू बाहेर बस."

आधी ती जागच्या जागी वळली. ऊब उजव्या गालावर गेली, मग कानावर, मग मानेवर. तोंडावर गारवा आला. रात्र. वळत राहिली तशी ऊब डाव्या गालावर उगवली. हीटर होता तिथेच होता. पाय तिचे हलले होते. ती पुन्हा वळली, एक पाऊल पुढे सरकली. वळली, सरकली. वायर पायात आली, तोल गेला, बाईंची खुर्ची खरकन मागे सरली. ताईने पाय सोडवला आणि फेरा पुरा केला. ती उठली होती त्या खुर्चीची, तिनेच विणलेली पाठ पुन्हा हाताला लागली.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "तो कुठूनच येत नाही, बाई. आपणच..."

"मग पोरीला काय सांगाल?"

"सांगणार नाही. फिरवून आणीन."

पेन बराच वेळ कुरकुरत राहिले.

"खुर्च्या विणायला आता दुसरं कुणी बघायला सांगा शाळेला," बाई म्हणाल्या.

दादा बाहेर नुसता उड्या मारायचा बाकी होता. "अगं, बाई झालीस बाई! मग तोंड का असं उतरलंय?"

"आई खोटं नव्हती बोलत रे. तिला माहीत नव्हतं."

पायरीवर ती थांबली. मावळतीचे ऊन गालावरून निघत होते. लहानपणापासून या वेळी ती त्याला सांगायची, 'ये हं उद्या.' आजही शब्द ओठांवर आले. तिने ते गिळले.

गाल गार पडत गेला. ताईने हात जोडले आणि हळूच म्हणाली, "येते हं."