उरलेले आकडे

जर्सीवर नंबर छापायचं दुकान माझं. गेल्या वर्षी क्लबचे सेक्रेटरी हँडबॉलच्या दोन्ही संघांच्या जर्सी घेऊन आले. मुलांच्या जर्सींवर त्यांनी एक ते बारा छापून घेतले. मुलींच्या जर्सी पुढे सरकवत म्हणाले, "यांच्यासाठी नवे आकडे कशाला कापताय? उरलेसुरले चिकटवा. यांना बघायला येतंय कोण?"

उरले होते फक्त सात, आठ आणि नऊ. त्यांतूनच मी कसेबसे बारा नंबर जुळवले. गोलकीपरच्या वाट्याला नव्व्याण्णव आला. ती पोरगी जर्सी न्यायला आली आणि तिथेच रडायला लागली. मला मान वर करवेना.

यंदा मुलींनी करंडक आणला. मुलं पहिल्याच फेरीत गारद झाली. सत्काराला हेच सेक्रेटरी छाती फुगवून माइकवर म्हणाले, "असे आगळेवेगळे नंबर मीच सुचवले होते!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी स्वारी दुकानात हजर.

"ते नंबर लकी आहेत. आता मुलांना तेच छापा. मुलींना द्या एक ते बारा."

"मुलींना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? तुम्ही आकडे काढा."

मी प्रेसचं झाकण दाणकन आपटलं. "आकडे मुलींच्या पाठीवर आहेत. मैदानात जा आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं सोलून आणा. सुरुवात नव्व्याण्णवपासून करा. ती आता रडत नाही."