ग्यानोबाचं स्टूल

बोटांत कप धरल्यासारखा हात ओठांशी तिरपा केला, की चहा.

औशातल्या एका घरात टीव्ही लागला की दोन्ही बाजूचे शेजारी आपापला बंद करतात. ऐकू सगळं येतं.

व्यंकटरावांनी नुसतं "हाव" म्हटल्यामुळे त्यांच्याकडे आलेल्या गोष्टी: एक मांजर, मेहुण्याच्या वास्तुशांतीत वाढप्याचं काम, गल्लीच्या गणपतीचं अध्यक्षपद.

दालमिलच्या फाटकाजवळ एक लोखंडी स्टूल आहे. त्यावर कुणी बसत नाही.

नांदेडच्या हॉटेलात राजश्री मॅडमचे ओठ हलले आणि थांबले. माईक पुढे आला. सगळं सभागृह व्यंकटरावांकडे बघायला लागलं. म्हणजे प्रश्न संपला असावा.

*

पट्टा चालू

व्यंकटराव राहायला औशात, लातूरच्या एका दालमिलमध्ये मिस्त्री. यंत्रं त्यांची आणि यंत्रांवरची माणसंही त्यांचीच. मिल चालू असली की आत कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथं हातांनी बोलतात. अंगठा बोटावर चोळला की दाणा तपास. एका तळव्यावरून दुसरा घसरवला की पट्टा सुटला. तळवा हवेत आडवा फिरवला की बंद. पोटापुढे दोन्ही हातांनी घागर काढली की मालक आले.

ही शेवटची खूण थोरल्या मालकांच्या पोटावरून पडली. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा मुकुल मिल बघतो. तो काडीसारखा आहे, पण खूण तीच राहिली. मुकुलला वाटे, हा मिलमधला नमस्कार असेल. तोही उलट घागर काढून दाखवी.

हमालांचा मुकादम मल्लिनाथ निलंग्याकडचा, रागावला की कानडीत शिरायचा. पोती शिवणारे दोघे बिहारचे. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांचं एकमेकांशी कधी जमलं नाही. आत मात्र सगळे सारखेच मुके, त्यामुळे भांडणंसुद्धा नीट व्हायची.

आणि आत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. व्यंकटरावांचे कान गेले होते.

यंत्राचं ते तळहाताने ऐकत. पत्र्यावर हात ठेवला की पट्टा कुठं ओढतोय ते कळे. माणसांवर हात ठेवता येत नाही, म्हणून बाहेर आल्यावर ते लोकांच्या ओठांकडे बघत आणि ओठ थांबले की "हाव" म्हणत.

"अवो, मशीन लावा की कानाला," त्यांची बायको चंद्रप्रभा त्यांच्या तोंडासमोर उभी राहून म्हणायची. "लोक डोळ्याला चष्मा लावतेत, त्यांला कोण हसतंय?"

"चष्मेवाल्याला कुणी फाटकावर बसवत न्हाई," व्यंकटराव म्हणायचे.

त्यांच्या आधी ग्यानोबा मिस्त्री होता. त्याचे कान गेले तेव्हा थोरल्या मालकांनी त्याला काढलं नाही. मोठ्या मनानं फाटकाजवळ एक स्टूल दिलं. ग्यानोबा त्यावर बसून येणाऱ्या ट्रकांना सलाम करायचा. दिवाळीला मिठाई मिळायची, पगारही कधी चुकला नाही. आत मात्र त्याला परत कुणी बोलावलं नाही. व्यंकटरावांना भीती कशाची असेल, तर त्या मिठाईची.

*

दाणा तपास

शिवांगी मुरुडची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. ओठ वाचते, मोबाइलवर भराभर लिहिते. रंग बघून दाणे वेगळे करणाऱ्या नव्या यंत्रावर माणूस हवं होतं. मुलाखती व्यंकटरावांनी घेतल्या आणि सगळ्या पोरांमधून हिला निवडलं.

तिला ऐकू येत नाही हे त्यांना मागाहून मल्लिनाथने सांगितलं. कानाला हात लावून त्याने तळवा आडवा फिरवला, तेव्हा व्यंकटरावांना वाटलं, तो आपल्याबद्दलच सांगतोय. मग मल्लिनाथचं बोट शिवांगीकडे वळलं आणि त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी त्याला स्वतः चहा पाजला. मल्लिनाथला त्याचं कारण अजून कळलेलं नाही.

शिवांगीला मात्र मिस्त्रींचं पहिल्या काही दिवसांतच कळलं होतं. डोळ्यांऐवजी ओठांकडे बघणारा माणूस तिला लांबून ओळखू येतो. एकदा तिने त्यांना गाठून कानाकडे बोट केलं, तळवा आडवा फिरवला आणि भुवया उंचावल्या. व्यंकटरावांनी आधी मागे कुणी नाही ना ते पाहिलं, मग मान हलवली. तेव्हापासून ऑफिसातल्या बैठकीला ती त्यांच्या बरोबर समोरची खुर्ची पकडायची आणि लोकांच्या ओठांवरचं हातांनी त्यांना सांगायची.

मुकुल पुण्याला शिकून आलेला. मोठी गिऱ्हाइकं हल्ली डाळीबरोबर माणसांचीही चौकशी करतात: बायका किती, अपंग किती, वर कोण, खाली कोण. आपल्या मिस्त्रीने न सांगता बहिरी मुलगी कामावर घेतली, हे बघून मुकुल भारावून गेला. त्याने ते जिथं तिथं सांगितलं. मग नांदेडच्या उद्योजकांनी मेळावा ठेवला, विषय 'सर्वांना सामावून घेणारं नेतृत्व'. मामा, तुम्ही मंचावर बसायचं, मुकुल व्यंकटरावांना म्हणाला. व्यंकटराव म्हणाले, हाव. आपण कशाला हो म्हटलं ते त्यांना घरी मोबाइलवर पत्रिका आली तेव्हा कळलं. वर त्यांचा फोटो होता.

*

पट्टा सुटला

तर माईक पुढे आला होता.

शिवांगी पहिल्या रांगेत, मुकुलच्या शेजारी. राजश्री मॅडम नांदेडच्याच कॉलेजात शिकवतात, सावकाश बोलतात आणि गडद लिपस्टिक लावतात. शिवांगीला त्यांचे ओठ पाटीवरच्या अक्षरांसारखे दिसत होते. माणसातला गुण कसा ओळखता, असं त्यांनी विचारलं होतं. तिने अंगठा बोटावर चोळला.

व्यंकटरावांनी घसा साफ केला. "दाणा दातानं फोडून बघावा लागतो. नुस्तं वरून बघितलं तर समदे सारखेच दिसतेत."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एकाने ते लिहून घेतलं.

वेगवेगळ्या माणसांमध्ये संघर्ष झाला तर काय करता? शिवांगीने तळव्यावरून तळवा घसरवला.

"आधी बंद करायचं. मंग कुणाचं चुकलं ते बघायचं. चालू मशीनीत हात घातला तर बोट जातंय."

मॅडमनी ते वाक्य सभागृहाला पुन्हा ऐकवलं. वरिष्ठांचं सहकार्य कितपत मिळतं, हा पुढचा प्रश्न. शिवांगीने पोटापुढे घागर काढली. शेजारी बसलेल्या मुकुलने सवयीने उलट घागर काढली, आणि काढता काढता त्याचे हात हवेतच थांबले.

"मालक चांगले हायत," व्यंकटराव म्हणाले. "नमस्काराला नमस्कार करतेत."

मग मॅडमनी शिवांगीकडे हात केला आणि शेवटचं विचारलं: हिलाच का निवडलंत?

शिवांगीने स्वतःकडे बोट केलं. पुढे तिचे हात अडले. 'का' साठी मिलमध्ये खूण नाही, तिथं कुणी का विचारत नाही. पण व्यंकटरावांना कळलं. तिचा चेहरा निरोप्याचा राहिला नव्हता. आता तिलाच उत्तर हवं होतं. गुण बघून घेतलं, असं सगळे तिला सांगत आले होते. तसंच म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांना फाटकाजवळचं स्टूल दिसलं.

"बाकीची पोरं लई बोलून राहिली होती," ते म्हणाले. "मला त्यातलं काईच कळलं न्हाई. मला ऐकू येत न्हाई. ही गप बसली. जिवाला बरं वाटलं, म्हणून घेतली."

सभागृह खदखदून हसलं. इतका मोठा माणूस आणि किती साधा विनोद, असं मॅडमना वाटलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. न हसणारे दोघेच होते. शिवांगी तोंडावर हात धरून बघत होती. मुकुलला आठवत होतं, बाबा गेल्याचं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून मामा "हाव, हाव" म्हणाले होते. केवढा खंबीर माणूस, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

*

चहा

परतताना मुकुल गाडी चालवत होता. मागे दोघं. कुणीच बोललं नाही, त्यातल्या दोघांना तो फरक जाणवला नाही.

लोह्याला त्याने गाडी बाजूला घेतली, मागे वळला आणि अंगठा तोंडाशी नेला. खूण दारूची झाली. शिवांगीने त्याचा हात धरून बोटं नीट लावून दिली.

टपरीवर तो व्यंकटरावांच्या समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मामा, आता काय करायचं?"

व्यंकटरावांनी चहा संपवला. "स्टूल आतल्या अंगाला ठिवा. फाटकावर लई ऊन लागतंय."

"कोणतं स्टूल?"

व्यंकटरावांनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मिलमधल्या धोक्याच्या घंटेशेजारी आणि प्रत्येक यंत्रावर लाल दिवा बसला. पट्टा ओढायला लागला की दिवा लागतो, मग सगळेच वर बघतात. वायरमनला हात पुरत नव्हता. मल्लिनाथने फाटकाजवळचं स्टूल आत आणून दिलं, ते आतच राहिलं. व्यंकटराव कानाचं मशीन घरी लावतात, मिलमध्ये शिरताना काढून खिशात ठेवतात. औशात दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना आपापले टीव्ही पुन्हा चालू करावे लागले.

मुलाखतीत व्यंकटरावांनी शिवांगीला एकच प्रश्न विचारला होता, तोही हाताने: चहा घेणार का.