चौदा नंबरची ओळ

"अजून आवळ," मानसिंग म्हणाला.

शालनने गुडघ्यावरच्या बँडेजला आणखी एक वेढा दिला. सहा फूट चार इंचांचा नवरा पलंगावर बसला की नेरूळच्या त्या लहानशा घरातली निम्मी खोली त्याच्या पायांनीच भरून जायची. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून आपटून भुवईवर टेंगूळ कायमचे मुक्कामाला आले होते.

समोर टीव्हीला टेकून निमंत्रणपत्रिका उभी होती. नेरूळच्या मैदानातल्या बास्केटबॉल कोर्टाला आज मानसिंगच्या जुन्या कॅप्टनचे, जयप्रकाशचे नाव द्यायचे होते. पाटीचे अनावरण, सत्कार आणि मग जुन्या खेळाडूंचा दहा मिनिटांचा सामना. पत्रिकेत क्रीडा मंडळाच्या खजिनदाराचेही नाव होते, मानसिंगचे नव्हते. त्याला फक्त जयप्रकाशचा फोन आला होता, की मान्या, रिंगखाली आपला जुना सेंटर पाहिजे, तेवढं उभं राहायला ये.

"पत्रिकंत तुमचं नावसुदीक न्हाई," शालन म्हणाली. "डॉक्टर म्हनतोय जिना बी जपून चढा. मग कशापायी जाताय?"

"काम हाय."

काय काम ते शालनला पक्के ठाऊक होते. लोक निवृत्त झाल्यावर बाग करतात, भजनाला जातात. तिच्या नवऱ्याने अडतीस वर्षे डूख धरला होता, आणि तो जराही शिळा होऊ दिला नव्हता.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर तळवलीच्या अलीकडे एक रसायनांचा कारखाना होता. त्याच्या संघासाठी मानसिंगला साताऱ्याकडच्या गावातून नुसती उंची पाहून उचलून आणले होते. त्याला मिळाला चौदा नंबरचा शर्ट. सात नंबर होता कॅप्टन जयप्रकाशचा. जयप्रकाश चपळ आणि देखणा होता, बोलण्यात तर साखरच. बास्केट त्याने टाकायची आणि टाळ्याही त्यानेच घ्यायच्या. मानसिंगचे काम त्याच्यासाठी वाट अडवून धरायचे, रिंगला लागून परतलेला बॉल चार कोपरांचे धक्के खाऊन पकडायचा, आणि जयप्रकाशला चकवून आत घुसलेल्या माणसापुढे भिंतीसारखे उभे राहायचे. यातले काहीच कुठे लिहिले जात नसे. स्कोअरशीटवर खेळाडूच्या नावापुढे तेव्हा दोनच गोष्टी लिहीत, पॉइंट आणि फाऊल.

फाऊलचा तेव्हा एक नियम होता. शिट्टी वाजली की ज्याची चूक त्याने आपणहून हात सरळ वर करायचा. पाच फाऊल झाले की बाहेर. रिंगखालच्या गर्दीत कुणाचा हात कुणाला लागला ते पंचालाही नीट दिसत नसे. जयप्रकाश हमखास मागून शर्ट ओढायचा आणि शिट्टी वाजली की मानसिंगकडे बघायचा. मानसिंग हात वर करायचा. कॅप्टन मैदानात राहिला पाहिजे, एवढेच त्याच्या साध्या डोक्याला कळायचे.

सत्त्याऐंशीच्या फायनलला दोघांचेही चार-चार फाऊल झाले होते. शेवटच्या मिनिटाला जयप्रकाशने एकाचा शर्ट धरला आणि मानसिंगकडे पाहिले. मानसिंगने हात वर केला आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. जयप्रकाशने विजयाची बास्केट टाकली. त्या संध्याकाळी गळ्यात पडून तो म्हणाला होता, राज्याच्या संघात तुला घेऊन जातो, ही माझी जबान.

निवड समितीने कॅप्टनला विचारले, चौदा नंबर कसा आहे? जयप्रकाश म्हणाला, "बरा खेळतो, पण तापट आहे. फाऊल बघा ना त्याचे." फायनलचा पंच दिलीप तेव्हा तिथेच बसला होता. त्याने हे मानसिंगला सांगितले ते सहा महिन्यांनी, एका लग्नाच्या पंगतीत. मानसिंग ताटावरून उठला होता. जयप्रकाश राज्याचा कॅप्टन झाला, कारखान्यात ऑफिसर झाला. मानसिंगने निवृत्तीपर्यंत प्लँटवर तीन पाळ्या केल्या, आणि 'तापट मान्या' हे नाव त्याला कायमचे चिकटले.

संध्याकाळी मैदानात पाटीवरचा पडदा सरला, हार पडले, भाषणे झाली. शिट्टी पुन्हा दिलीपच्याच गळ्यात होती. जुना पंच म्हणून त्याला मुद्दाम बोलावले होते, आणि सामना जुन्याच नियमांनी खेळायचा अशी गंमत ठरली होती.

समोरच्या संघात चाळिशीतला इंद्रजित होता. तो जयप्रकाशला सहज चकवून आत घुसला. पाऊल आडवे टाकून त्याला अडवणे हे मानसिंगचे जन्माचे काम. मानसिंग जागचा हलला नाही. बास्केट झाली. दुसऱ्यांदाही तसेच. खुर्च्यांवरून हशा उठला.

"मान्या, कुठे बघतोयस?" जयप्रकाश दात आवळून म्हणाला. "कव्हर दे ना."

मानसिंगने ऐकले, आणि तिसऱ्यांदाही बाजूलाच उभा राहिला. मग जयप्रकाशने तेच केले जे तो आयुष्यभर करत आला होता. त्याने इंद्रजितचा शर्ट मागून धरला. शिट्टी वाजली. जयप्रकाशची नजर सवयीने मानसिंगकडे वळली. दिलीपचीही वळली.

मानसिंगने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट गुंफले. एवढा आनंद त्याला फायनल जिंकल्यावरही झाला नव्हता.

"अरे, कर ना," जयप्रकाश हसत हळूच म्हणाला. "दहा मिनिटांचा तर खेळ आहे. टेन्शन कशाला?"

"तुझा फाऊल हाय," मानसिंग म्हणाला. "हात वर कर."

जयप्रकाशचे हसू गेले. त्याने दिलीपकडे पाहिले. दिलीप शिट्टी हातात धरून वाट बघत राहिला. शेवटी जयप्रकाशचा हात खांद्यापर्यंत आला.

"पुरता वर."

खांदा दुखरा असावा. हात कळ सोसत सरळ वर गेला. मानसिंगला दया आली नाही. यावी असे त्याला वाटलेही नाही.

तेवढ्यात खुर्च्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. आपला हिरो हात उंचावून अभिवादन करतोय असेच लोकांना वाटले. फोटोवाले पुढे धावले. अडतीस वर्षे ज्याची वाट पाहिली, ते मैदानात तिघांनाच कळले होते. मानसिंगच्या तोंडाची चवच गेली. पण जयप्रकाश मान खाली घालून उभा होता. टाळ्या संपल्या तरी त्याने मान वर केली नाही.

सामना संपल्यावर मानसिंग लंगडत टेबलापाशी गेला आणि त्याने स्कोअरशीट मागितली. दिलीपने ती घडी करून त्याच्या खिशात सरकवली.

घरी शालनने बँडेज सोडले. गुडघा टम्म सुजला होता. तिने कागद उलगडून बोट फिरवत वाचला. सात नंबरपुढे एक फाऊल होता. चौदा नंबरपुढची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी होती.

"तुमच्याम्होरं तर कायबी लिवल्यालं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई ना?" मानसिंगने कागद तिच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्या घड्या तळहाताने सावकाश सारख्या करत राहिला.