पाहून सांगितलेला आकडा

सकाळी अकरा वाजता कारध्याच्या पुलाखाली खांबावरच्या मोजपट्टीवर वैनगंगा पॉइंट बावीसवर होती. परसरामने लाट तीनदा वर जाऊ दिली, तीनदा खाली येऊ दिली, मधला आकडा धरला, वहीत लिहिला आणि ऑफिसला फोनवर कळवला. पूर्ण मीटर कोणी बोलत नाही, ते सगळ्यांना पाठ असतात. बोलायचे ते पॉइंटनंतरचे. धोक्याचा लाल पट्टा पन्नासवर होता.

दुसरा फोन गोपाळरावांचा आला. ते निवृत्त होऊन चोवीस वर्षे झाली, तरी पुरात दर तासाला त्यांचा फोन यायचाच.

"किती?"

"बावीस, काकाजी."

"पाहून सांगून राहिला?"

"पाहून."

फोन बंद झाला.

एकतीस वर्षांपूर्वी परसराम या कामावर लागला तेव्हा त्याला कामाची लाज वाटायची. मित्र म्हणायचे, "नदी पाहाचा पगार भेटते बापा तुले! आमी त फुकटच पाहतो." एका सकाळी पावसात पुलावर जायचा त्याला कंटाळा आला. आदल्या दिवशी सोळा होते, म्हणून अंथरुणातूनच त्याने वहीत एकोणीस लिहिले.

गोपाळराव तेव्हा त्याचे वरिष्ठ. त्यांनी वही पाहिली. त्याला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या आणि त्याचा तळवा खांबाखालच्या दगडावर टेकवला. दगडावर ओला गाळ होता. पाणी त्याच्या वीतभर खाली होते. नदी पहाटेपासून उतरत होती आणि परसरामने ती वहीत चढवली होती.

"खालच्या गावातला मानूस हा आकडा आयकून आपल्या शेळ्या सोडते," गोपाळराव म्हणाले. "पाहून सांग, परसराम. सांगून पाहू नको."

त्यांनी वर कळवले असते तर त्याच दिवशी काम गेले असते. त्यांनी कळवले नाही. त्या दिवसानंतर परसरामने न पाहिलेला आकडा कधी लिहिला नाही. हळूहळू त्याला पाण्याच्या रंगावरून वर कोणत्या अंगाला पाऊस झाला ते कळू लागले. मग कोणी टोमणा मारला तर तो हसायचा. आपल्याला पाहायला शिकवणारा माणूस भेटला, एवढे त्याला पुरेसे होते.

बारा वाजता एकतीस झाले. छत्री सांभाळत रीता पायऱ्यांपर्यंत आली. ती गोपाळरावांची सून. नवरा राजकुमार नागपूरला कामावर, घरी ती आणि सासरे. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे वाकत नव्हते.

"भाऊजी, साठ झाल्याबिगर मामाजी घर सोडत नाईत. त्यांच्या वह्यांमंदी साठच्या खाली आमच्या उंबरठ्याले कधी पानी लागलंच नाई म्हणतेत."

"ते खरं हाय, वहिनी."

"उंबरठ्याचं खरं हाय. पन वाटंतला नाला? तो भरला का खुर्चीवर बसवून त्यायले कोन नेईन? शेजारचा मनिष टेम्पो घेऊन नाल्यापल्याड उभा हाय. एक डाव साठ सांगा. तुमच्या तोंडचाच आकडा मानतेत ते."

परसरामने वही शर्टाखाली सरकवली. मग म्हणाला, "एक वाजू द्या."

"तुमची वही कोरडी राहिली पायजे," रीता जाता जाता म्हणाली, "मानूस भिजला तरी चालते!"

एक वाजता मुळासकट उपटलेले पळसाचे झाड पुलाच्या खांबावर आपटून पुढे गेले. परसरामने लाट मोजली. चाळीस. मग त्याने डावीकडे पाहिले. गावातून नदीत येणाऱ्या नाल्यात फेस आणि तणस गावाच्या दिशेने चालले होते.

त्याने चाळीस लिहिले, ऑफिसला कळवले. लगेच दुसरा फोन वाजला.

"किती?"

साठ हा शब्द त्याच्या जिभेवर होता. रीता चुकीचे बोलत नव्हती. दहा मिनिटांत म्हातारा टेम्पोत बसला असता. पण यानंतर 'पाहून?' हा प्रश्न यायचा होता, आणि त्याचे उत्तर त्याच माणसाला द्यायचे होते.

"चाळीस."

"मंग दोन तास हायेत अजून."

"काकाजी, फोन ठेवू नका. नाला उलटा वाहून राहिला." परसरामने पुन्हा फेसाकडे पाहिले. "आन् मले भेव लागून राहिला."



"भेव वहीत लिहितेत का गा?"

"नाई. पन तो बी पाहूनच सांगून राहिलो."

म्हातारा खाकरला. "एकतीस सालात आकड्याच्या पुढं आज बोलला, लेका." मग फोनपासून तोंड फिरवून त्यांनी हाक दिली, "रीता, मनिषले बोलाव. मोठी खुर्ची घे म्हना, लहानीत मी मावत नाई."

परसराम पायरीवर बसला. गोपाळरावांनी ज्या दगडावर त्याचा तळवा टेकवला होता, तो आता पुरुषभर पाण्याखाली होता. त्याने तळवा बाजूच्या कोरड्या पायरीवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

एक पस्तीसला रीताचा फोन आला. नाल्यात मनिषच्या मांडीइतके पाणी होते, पण ओलांडला. मामाजी पलीकडे शाळेतल्या निवाऱ्यात पोचले. चष्मा घरीच राहिला म्हणून चिडले आहेत.

दोन वाजता बावन्न. लाल पट्टा बुडाला.

तीन वाजता एकसष्ट. शाळेतून फोन आला.

"किती?"

"एकसष्ट."

"पाहून?"

"पाहून."

"म्हंजे माह्या उंबरठ्याले लागलं अशीन."

"तो मी पाहिला नाई, काकाजी."

"मंग नको सांगू."

परसरामने एकसष्टपुढे बाण काढला, टोक वर. चारचा रकाना त्याने कोरा ठेवला.